दीदी काँट्रॅक्टर यांच्या कामातून निसर्गाविषयी नेमके काय घ्यायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही नाशिकच्या, वास्तुकलेच्या अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला. हिमाचल प्रदेशातल्या दीदी काँट्रॅक्टर यांच्याविषयी वाचल्यापासून निसर्गाकडून प्रेरणा घेऊन काम करायचे तुमच्या मनाने घेतले आहे. मात्र दीदींकडे वास्तुकलेची पदवी नव्हती आणि मातीची घरे बांधायला त्यांनी साठीच्या आसपास सुरुवात केली, मग पदवी पुरी करण्यात अर्थ आहे का, आणि त्यांच्यासारखे काम आपल्याकडे जमेल का, असे तुम्ही विचारले आहे. घरच्यांना हा सगळा हौशी लोकांचा उद्योग वाटतो, हेही तुम्ही लिहिले आहे.

मी बरीच वर्षे नाशिक आणि सह्याद्रीच्या पट्ट्यात माती, दगड आणि चुना वापरून घरे करते, त्यामुळे हा प्रश्न मला जवळचा आहे. माझ्या मते तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न गुंतले आहेत. दीदींनी निसर्गाकडून नेमके काय घेतले, हा एक. त्यांचे आयुष्य ज्या परिस्थितीत घडले ती नसताना त्या कामाचा व्यवसाय कसा करायचा, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मी बरेच ठामपणे देऊ शकते. दुसऱ्याचे उत्तर तुमच्या गावावर, तिथल्या जमिनीवर, पावसावर आणि तुमच्या घरच्या आर्थिक स्थितीवर अवलंबून राहील.

आधी त्यांच्या आयुष्याकडे पाहू, कारण ‘साठीला सुरुवात’ हे वाक्य दिशाभूल करते. दीदींचे मूळ नाव डेलिया किन्झिंगर. जन्म १९२९ सालचा, अमेरिकेतल्या मिनियापोलिसचा. वडील एडमंड किन्झिंगर जर्मन चित्रकार, आई अमेरिकन आणि तीही चित्रकार. वडील टेक्सासमधल्या बेलर विद्यापीठात कला शिकवत, त्यामुळे रंग, आकार आणि हस्तकौशल्य यांच्या सहवासातच त्यांचे बालपण गेले. पुढे कोलोरॅडो विद्यापीठात शिकत असताना नारायण काँट्रॅक्टर या भारतीय विद्यार्थ्याशी त्यांची ओळख झाली, लग्न झाले आणि १९५१ च्या सुमारास त्या सून म्हणून थेट तुमच्या नाशिकला आल्या. सासरचे घराणे गुजराती सुतारांचे, विश्वकर्म्याला मानणारे. वेरूळचे दहावे लेणे विश्वकर्म्याच्या नावाने ओळखले जाते आणि लोक त्याला ‘सुतार की झोपडी’ही म्हणतात. त्या लेण्याशी या समाजाचे जे नाते आहे, त्यावर दीदींच्या कन्या, मानववंशशास्त्रज्ञ किरिन नारायण यांनी विस्ताराने लेखन केले आहे.

नाशिकच्या एकत्र कुटुंबातली वर्षे, त्यानंतर मुंबईत जुहूला केलेला संसार, मुलांचे संगोपन, सजावटीची आणि घरांच्या अंतर्रचनेची कामे, आणि १९७० च्या दशकात कांगडा खोऱ्यात जाऊन राहणे, असा हा दीर्घ प्रवास आहे. कांगड्यात त्या आधी अंद्रेट्टा या कलावंतांच्या गावाकडे गेल्या. नोरा रिचर्ड्स या आयरिश नाट्यकर्मीमुळे ते गाव नावारूपाला आले होते आणि चित्रकार शोभा सिंग व कुंभकलेचे जाणकार गुरुचरण सिंग यांचेही तिथे वास्तव्य होते. नंतर धरमशाळेजवळच्या सिद्धबाडीला त्या स्थिरावल्या आणि तिथून पुढच्या काही दशकांत त्यांनी डझनाहून अधिक घरे आणि काही संस्थांच्या इमारती उभ्या केल्या. पालमपूरजवळची संभावना संस्था, कांगड्यातल्याच बीर गावची धर्मालय संस्था आणि सिद्धबाडी परिसरातले निष्ठा संस्थेचे आरोग्य केंद्र ही त्यातली माहीत असलेली नावे. २०१९ च्या महिला दिनी राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांना नारीशक्ती पुरस्कार मिळाला आणि जुलै २०२१ मध्ये, वयाच्या ९१ व्या वर्षी, सिद्धबाडीलाच त्यांचे निधन झाले.

हा क्रम नीट पाहिला तर साठीआधीची वर्षे रिकामी नव्हती, हे लक्षात येते. घर कसे वापरले जाते, स्वयंपाकघरात सकाळी ऊन कुठे यायला हवे, दुपारी माणसे कुठे आडवी होतात, पाहुणे वाढले की कोणती खोली कामी येते, हे त्या अनेक घरांमध्ये राहून शिकल्या. आपण पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात घराचा नकाशा काढायला शिकतो, पण घर चालवायला शिकत नाही. माझ्याकडे येणाऱ्या नव्या पदवीधरांना मी पहिल्यांदा विचारते, की धुणे कुठे वाळेल आणि पावसाळ्यात ओल्या चपला कुठे राहतील. नकाशात याचे उत्तर बहुधा नसते. दीदींच्या कामाचा हा अर्धा भाग आहे, आणि तो छायाचित्रांत दिसत नसल्यामुळे त्याची चर्चाही होत नाही.

आता निसर्गाविषयी. ‘निसर्गप्रेरित’ म्हटले की हल्ली पानाच्या आकाराचे छत, शिंपल्यासारखा जिना, मधमाशांच्या पोळ्यासारखी जाळी असे काही डोळ्यांपुढे येते. दीदींच्या इमारतींतही वळणे आहेत, त्यांचे जिने शिल्पासारखे आहेत, भिंतीतच घडवलेले कोनाडे आहेत. तरीही त्यांनी निसर्गाकडून आकार उसने घेतले, असे मला वाटत नाही. आपण जिथे बांधतो ती जागा काय देते आणि दिलेले परत कसे घेते, हा हिशेब त्यांनी निसर्गाकडून घेतला. पायथ्याशी ओढ्या-नद्यांतला दगड, त्यावर उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांची भिंत, चिखलाचाच सांधा आणि चिखलाचाच गिलावा, बांबू आणि लाकूड, वर कांगड्याच्या डोंगरातून निघणारी स्लेटची फरशी. यांतली जवळपास प्रत्येक वस्तू त्या खोऱ्यातली आहे आणि घर पडले तर पुन्हा त्याच जमिनीत मिसळून जाणारी आहे. जगातल्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे ७ ते ८ टक्के उत्सर्जन सिमेंटच्या निर्मितीतून होते, हे लक्षात घेतले तर या हिशेबाचे वजन कळते.

हा हिशेब सोपा नाही. धरमशाळेचा परिसर हिमाचलातल्या सर्वाधिक पावसाच्या भागांत मोडतो, आणि अशा ठिकाणी माती वापरायची तर इमारतीचा प्रत्येक तपशील पाण्याला धरून ठरवावा लागतो. जोते दगडाचे आणि पुरेसे उंच, म्हणजे जमिनीची ओल भिंतीत चढत नाही आणि पागोळ्यांचे शिंतोडे मातीपर्यंत पोचत नाहीत. वळचण खोल, म्हणजे तिरपा पाऊस भिंतीला भिडत नाही. भिंतीच्या बाहेरून पाण्याला वाट. स्थानिक कांगडी घरांत हे सगळे पूर्वीपासून होते. दीदींनी ते पाहिले आणि त्यात प्रकाशाची भर घातली. जुनी घरे अंधारी असत. जाड भिंतीतली खिडकी आतल्या बाजूला तिरपी रुंदावली की तेवढ्याच झरोक्यातून येणारा प्रकाश त्या तिरप्या बाजूंवर पसरत खोलीत येतो आणि डोळ्यांना टोचत नाही. एकदा असा झरोका करून बघा, बाजू हाताने गुळगुळीत सारवा, आणि सकाळी व दुपारी तिथे उभ्या राहा. पुस्तकातल्या आकृतीपेक्षा ते जास्त शिकवेल.

उन्हाच्या बाबतीत मात्र कांगड्याचे उत्तर नाशिकला उचलून आणता येत नाही, आणि नक्कल करणारे सगळ्यात जास्त इथेच फसतात. सिद्धबाडी साधारण ३२ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथे डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३४-३५ अंश वर असतो, त्यामुळे दक्षिणेकडची मोठी खिडकी हिवाळ्यात घर ऊबदार ठेवते. तीन फुटांची वळचण त्या वेळी दक्षिण भिंतीवर फक्त दोन फुटांची सावली टाकते, बाकीची भिंत उन्हात. नाशिक २० अंशांवर आहे. इथे त्याच दिवशी सूर्य सुमारे ४६ अंशांवर असतो, तीच वळचण तीन फुटांहून थोडी जास्त सावली टाकते, आणि मुळात आपल्याला डिसेंबरच्या दुपारी त्या उष्णतेची एवढी गरजही नसते. शिवाय नाशिकला वर्षातून दोनदा सूर्य थेट डोक्यावर येतो, तो शून्य सावलीचा दिवस. सिद्धबाडीला तो कधीच येत नाही. आपली खरी अडचण मार्च ते मे या महिन्यांतली पश्चिमेची भिंत आणि तापलेले छप्पर ही आहे. म्हणून माझ्या कामात पश्चिमेला जिना, कोठीची खोली, न्हाणीघर अशा जागा जातात, आणि दक्षिणेच्या मोठ्या काचा मी टाळते. हे दीदींच्या विरुद्ध दिसते, पण त्यांची पद्धत नाशिकला लागू केली की हेच निघते.

मातीचेही तसेच आहे. आपल्या पठारावरची काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की भेगाळते, कारण तिच्यातली चिकणमातीच तशी फुगणाऱ्या जातीची असते. तिच्या विटा पाडल्या तर त्या वाळतानाच तडकतात, आणि तिच्यावर पाया टाकताना तर फारच जपावे लागते. आपल्या जुन्या लोकांना हे माहीत होते. गढ्या आणि वाडे त्यांनी पांढऱ्या मातीत बांधले. मी बहुधा पांढरी माती, थोडा मुरूम आणि भाताचा पेंढा किंवा तूस यांचे मिश्रण वापरते, पण त्याचे प्रमाण दर ठिकाणी बदलते आणि ते कुठल्याही पुस्तकातून घेता येत नाही. काचेच्या बरणीत माती आणि पाणी घालून हलवा आणि ठेवून द्या; वाळू आधी बसते, मग गाळ, वर चिकणमाती, आणि थरांच्या जाडीवरून ढोबळ प्रमाण कळते. नंतर ओल्या मातीचा गोळा करून छातीइतक्या उंचीवरून कडक जमिनीवर सोडा. तो पूर्ण फुटला तर चिकणपणा कमी. नुसताच चपटा झाला आणि एकही तडा गेला नाही तर पाणी किंवा चिकणमाती जास्त. त्र्यंबकेश्वरकडच्या एका घराच्या कामात एकाच शेताच्या दोन टोकांची माती इतकी वेगळी निघाली, की भिंतीची माती एका टोकाहून आणि गिलाव्याची दुसऱ्या टोकाहून घ्यावी लागली. गवंडी हे बोटांनी चोळून सांगत होते, बरणीने फक्त दुजोरा दिला.

तुमच्या घरच्यांच्या भीतीमागे बहुधा किल्लारी आहे, आणि ती भीती थट्टेवारी न्यायची नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-धाराशिव भागातल्या भूकंपात हजारो माणसे घरांखाली गाडली गेली, आणि तेव्हापासून ‘मातीचे घर मारते’ ही समजूत पक्की झाली. तिथे प्रत्यक्षात कोसळल्या त्या मुख्यतः अनघड दगडांच्या, चिखलात रचलेल्या जाड भिंती. त्यांच्या आतल्या आणि बाहेरच्या थरांना आरपार बांधून ठेवणारे लांब दगड नव्हते, आणि वर जड मातीचे माळवद होते. भिंत दुभंगली आणि छत अंगावर आले. दीदींनी ज्या खोऱ्यात काम केले तिथे तर १९०५ च्या भूकंपात सुमारे वीस हजार माणसे मरण पावली आणि तो प्रदेश आजही देशातल्या सर्वाधिक भूकंपप्रवण पट्ट्यात आहे. म्हणून माती वापरायची तर भूकंपाचे नियम आधी वाचायचे. भारतीय मानक १३८२७ हे नेमके मातीच्या इमारतींसाठीच आहे. मजल्यांची मर्यादा, भिंतीच्या लांबीचे जाडीशी प्रमाण, दारे-खिडक्यांची रुंदी, त्यांचे कोपऱ्यापासूनचे अंतर आणि भिंतीभोवतीचे आडवे पट्टे, हे सगळे त्यात आहे. मातीचा अनुभव असलेला संरचना अभियंता सोबत नसेल तर मी काम हाती घेत नाही, आणि तुम्हीही घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगते.

आता जे कोणी फारसे बोलत नाही ते. मातीच्या कामात हाताने सारवायचे आणि गिलावा निगुतीने फिरवायचा, ही विद्या आपल्या खेड्यांत बायकांकडे आहे. कांगड्यातही लिपाई बायकाच करतात. चिखलात तूस किती, शेण किती, दुसरा हात पहिला थर किती सुकल्यावर द्यायचा, कडेला बोट कसे वळवायचे, हे त्यांना कुणी शिकवावे लागत नाही. तरी कामावर त्यांची नोंद ‘बिगारी’ म्हणून होते आणि रोजही बिगाऱ्याचा मिळतो. माझ्या कामांवर सारवणाऱ्या बायकांना कारागिराचा रोज मिळतो, आणि ते मी ग्राहकाला पहिल्याच बैठकीत सांगते. मातीच्या घरात साहित्याचा खर्च कमी आणि मजुरीचा जास्त असतो. हा पैसा गावातल्या हातांत जातो की मधल्या ठेकेदाराकडे, हे वास्तुरचनाकाराने ठरवायचे असते. निसर्गाचा विचार करताना त्या निसर्गाजवळ राहणारी माणसे बाहेर राहिली, तर मला त्या विचारात काही राम वाटत नाही.

पदवीच्या प्रश्नावर माझे उत्तर स्पष्ट आहे: पुरी करा. आपल्याकडे १९७२ च्या वास्तुविशारद कायद्यानुसार ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी लावायला वास्तुकला परिषदेची नोंदणी लागते आणि नोंदणीला मान्य पदवी लागते. कायदा उपाधीला संरक्षण देतो, नोंदणी नसलेल्यांना इमारतींची आखणी करण्यापासून तो अडवत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. तेव्हा दीदींसारखे स्वयंशिक्षित काम आजही बेकायदा नाही. पण त्या वेळी त्यांच्या गाठीशी होती ती चाळीस वर्षांची नजर आणि त्यांच्यावर विसंबणारी ओळखीची माणसे. तुम्ही पंचविशीच्या आत आहात, तुमच्या नकाशावर पालिकेत सही चालायला हवी, आणि ‘ही मुलगी मातीचे घर बांधणार’ म्हटल्यावर भुवया उंचावणाऱ्या ग्राहकासमोर नोंदणीचा क्रमांक उपयोगी पडतो. तेवढी सोय हातची कशाला सोडायची?

कमाईबद्दल खरे तेच सांगते. पहिली काही वर्षे केवळ मातीच्या कामांवर भागत नाही. सरकारी घरकुल योजनेत मातीच्या भिंतीचे घर ‘कच्चे’ गणले जाते, बँका अशा घराला कर्ज द्यायला कचरतात, आणि ज्याच्याकडे रोख पैसा आहे तोच ग्राहक पुढे येतो. म्हणजे शहराबाहेर शेतघर बांधणारा. मी सुरुवातीला जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीची कामे घेतली. त्यात पैसे कमी मिळाले, पण भिंती उकलून पाहायला मिळाल्या आणि ज्यांच्याकडून शिकायचे ते म्हातारे गवंडी भेटले. नाशिकच्या गावठाणात आणि गोदाकाठी अशी कामे अजूनही निघतात. घरच्यांना तुम्ही हे सांगू शकाल, की दुरुस्ती हे हौशी काम नाही आणि त्याला मागणी आहे.

एकत्र सांगायचे तर, दीदींचे आकार घेऊ नका, त्यांची चौकशीची रीत घ्या. पदवी पुरी करा. आणि भूकंप व पाणी या दोन गोष्टींत कधीही तडजोड करू नका. शेवटच्या वर्षाच्या प्रबंधासाठी आधी वर्धा जिल्ह्यात जाऊन या. सेवाग्रामची बापू कुटी मुळात गांधीजींच्या इंग्रज शिष्या मीराबेन यांनी स्वतःसाठी उभारली आणि गांधीजी नंतर तिथे राहायला गेले. दूर देशातून आलेल्या आणखी एका स्त्रीने विदर्भाच्या उन्हात माती, बांबू आणि कौले कशी वापरली हे तिथे पाहता येते, आणि ती हवा तुमच्या हवेच्या जास्त जवळची आहे. वर्ध्याचेच सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस मातीच्या घरांवर आणि नळीच्या कौलांच्या कमानदार छतांवर अनेक वर्षे काम करत आले आहे, तेही पाहा. हिमाचल त्यानंतर.

प्रबंधाचा विषय मोठा ठेवू नका. नाशिकजवळच्या एका गावातली तीन-चार मातीची जुनी घरे घ्या, येत्या पावसाळ्याआधी त्यांची जोती, वळचणी आणि भिंतींची जाडी मोजा, पाऊस संपल्यावर तीच घरे पुन्हा मोजा, आणि कोणत्या भिंतीत किती उंचीपर्यंत ओल चढली, कोणता गिलावा सुटला, कोणता टिकला, याची नोंद करा. घरातल्या बाईला विचारा, की ती कधी आणि कशाने सारवते, आणि तिचे नाव प्रबंधाच्या ऋणनिर्देशात लिहायला तिची परवानगी घ्या. मोजमापे हाती आली की मला पाठवा. ती पाहून मातीचे मिश्रण आणि जोत्याची उंची याविषयी मी नेमके काही सांगू शकेन, त्याआधी सांगितले तर ते अंदाजपंचे ठरेल.